ब्रिस्केट, आई आणि तिसरा नारळ

माझं नाव सॅम्सन कोर्लेकर. हे नाव सांगितलं की अमेरिकेतल्या ज्यू लोकांना आडनाव कळत नाही आणि मराठी लोकांना नाव कळत नाही.

ऐंशीच्या दशकात आम्ही न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला राहत होतो. महाराष्ट्र मंडळाच्या कोजागिरीला एखाद्या काकू मसाला दुधाचा पेला हातात देता देता विचारायच्या, "कोर्लेकर म्हणजे कोकणातले ना? मग सॅम्सन कसं? लाडाचं नाव का?" मी सांगायचो, "नाही काकू, आम्ही ज्यू. बेने इस्राएल. मूळचे कोर्ल्याचे, आता ठाण्याचे." काकू क्षणभर माझ्याकडे आणि दुधाच्या पेल्याकडे आळीपाळीनं बघायच्या, आणि मग एकदम, "अय्या, ठाण्यात कुठे? माझं माहेर तिथलंच!" झालं, गाडी रुळावर! पुढचा तासभर ठाण्याचे तलाव आणि डास यांवर चर्चा.

सिनगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनाघरात, मात्र गाडी कधी रुळावर यायचीच नाही. याचं कारण मिस्टर गोल्डफार्ब.

मी मनातल्या मनात त्यांना गोल्डफार्बकाका म्हणायचो. वय पंच्याहत्तरच्या पुढे, सोळाव्या वर्षी पोलंडमधल्या कुठल्याशा खेड्यातून आलेले, जन्मभर कोट शिवून निवृत्त झालेले. प्रार्थनेला कुणी कुठे बसायचं, कुणाला पुढे बोलवायचं, कुणाकडे नुसतं बघून दाराजवळ बसवायचं, सगळं त्यांच्या हातात. दर शनिवारी ते माझा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे आणि अगदी प्रेमानं विचारायचे, "सॅम, तुम्ही लोक ज्यू कधी झालात?"

(हे सगळं संभाषण इंग्रजीत व्हायचं. त्यांच्या इंग्रजीत निम्मं तिकडच्या ज्यूंचं यिडिश आणि माझ्या इंग्रजीत निम्मं ठाणं असल्यामुळे मी ते मराठीतच सांगतो.)

मी दर वेळी सांगायचो, की आम्ही 'झालो' नाही, आहोतच. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं म्हणतात, त्यातून वाचलेल्यांचे आम्ही वंशज. पूर्वजांनी तेलाचे घाणे चालवले, पण शनिवारी घाणा बंद. म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे. गोल्डफार्बकाका मान डोलवत सगळं ऐकून घ्यायचे, "व्हेरी इंटरेस्टिंग!" म्हणायचे, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा हात हातात. "सॅम, पण तुम्ही ज्यू कधी झालात?"

मी हे हसण्यावारी नेत होतो. पण एका रविवारी आमची नऊ वर्षांची रूथ हिब्रूच्या वर्गाहून आली, दप्तर कोपऱ्यात टाकलं आणि म्हणाली, "डॅड, आर वी रिअल? बेकी सेज वी आर नॉट द रिअल काइंड." ते मला फार लागलं. स्वतःबद्दल मी काहीही ऐकून घेतो (सवय आहे), पण त्या पोरीचा उतरलेला चेहरा बघून ठरवलं, की आता या गोल्डफार्बकाकांचं तोंड कायमचं बंद करायचं. बेकी त्यांचीच नात होती.

आणि बंद करण्याऐवजी मी माझंच उघडलं!

पुढच्या शनिवारी प्रार्थनेनंतर वाइन आणि केकभोवती सगळे जमले होते. गोल्डफार्बकाकूंनी सहज विचारलं, "रोश हशानाला तुमच्याकडे काय करतात?" रोश हशाना म्हणजे आमचं नवीन वर्ष. ठाण्याला आम्ही त्याला नव्याचा सण म्हणतो. खरं उत्तर सोपं होतं: हिरव्या मसाल्यातलं मटण आणि गव्हाच्या चिकाचा हलवा. पण समोर काकू, काका आणि आणखी सहा चेहरे, सगळे उत्सुकतेनं वाकलेले. मला वाटलं, हलवा म्हटलं तर 'हलवा म्हणजे काय' इथपासून सुरुवात. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ब्रिस्केट! दुसरं काय?"

ब्रिस्केट म्हणजे गाईच्या छातीकडचं मांस. अतिशय चिवट. ते तासन्‌तास शिजवून मऊ करणं ही तिथल्या ज्यू बायकांची कर्तबगारी. आपल्याकडे पुरणपोळीवरून जशी सुनेची परीक्षा व्हायची, तशी त्यांच्याकडे ब्रिस्केटवरून होते. मी ब्रिस्केट कधी शिजवलं नव्हतं, खाल्लं नव्हतं, पाहिलंही नव्हतं. खरं तर मी कुठल्याच प्रकारचं बीफ खाल्लं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या हिंदू शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिल्यामुळे आमच्या बहुतेक घरांत ते येतच नाही.

"ब्रिस्केट? इंडियात?" गोल्डफार्बकाका म्हणाले.

"म्हणजे काय! माझ्या आईच्या हातचं खाऊन बघा एकदा. या वर्षी सणाला तुम्ही दोघं आमच्याकडेच!"

हे वाक्य मी बोललो हे मला गाडीत बसल्यावर कळलं.

"आईंच्या हातचं?" घरी माझी बायको फ्लोरा म्हणाली. ती हॉस्पिटलात नर्स होती आणि संकटाची बातमी ऐकताना तिचा आवाज एकदम शांत व्हायचा. "तू आईंना सांगितलंस?"

"सांगतो ना."

"मी हॉस्पिटलला जाते मग सांग."

आई सहा महिन्यांसाठी ठाण्याहून आली होती. म्युनिसिपालिटीच्या शाळेत तीस वर्षं मुख्याध्यापिका. तिच्याशी बोलताना मी चाळिसाव्या वर्षीही हात मागे बांधायचो. तिनं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"गाय?"

"आई, अमेरिकेतली आहे. आपल्या ओळखीतली नाही."

"सॅम्सन, ठाण्याला गेल्यावर शेजारच्या जोशीकाकूंना मी काय तोंड दाखवू?"

"जोशीकाकूंना कोण सांगतंय?"

"मी सांगणार. चाळीस वर्षांत मी त्यांच्यापासून काही लपवलेलं नाही." मग म्हणाली, "ते गृहस्थ आपल्या रूथीच्या डोळ्यात पाणी आणणारे ना? येऊ देत. पण मी त्या मांसाला हात लावणार नाही. लांबून सांगेन. हात तुझे."

सणाच्या दोन दिवस आधी मी नदीपलीकडच्या गावातल्या कोशर, म्हणजे आमच्या धर्माच्या नियमानं मांस देणाऱ्या, खाटकाकडे गेलो. त्यानं विचारलं, "फर्स्ट कट की सेकंड कट?" मी आत्मविश्वासानं म्हणालो, "दोन्ही." त्यानं उशीएवढा एक तुकडा कागदात गुंडाळून दिला आणि बजावलं, "मंद आच. चार तास. घाई करू नका." मला मनातून हसू आलं. चार तास! आमच्याकडे कुकर आहे हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक?

घरी येऊन त्या उशीचे दोन भाग केले आणि आईला न विचारता एका भागाची ट्रायल घ्यायचं ठरवलं. कुकरमध्ये मावेना म्हणून दाबून बसवलं. तीन शिट्ट्या केल्या. उघडलं. काटा टोचला तर काटा वाकला. आणखी पाच शिट्ट्या. आता तुकडा निम्मा झाला होता, पण निश्चय दुप्पट! चव कोण घेणार हा प्रश्नच होता, तेवढ्यात रूथ आली, एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावत राहिली आणि म्हणाली, "इट्स ओके, डॅड. बट बेकीज मॉम्स बर्गर्स आर सॉफ्टर."

"रूथी, तू बर्गर खाल्लास?" दारातून आईचा आवाज आला.

"जस्ट… सेव्हन टाइम्स, आजी."

आईनं माझ्याकडे पाहिलं. सातही वेळा मीच भरवल्यासारखं पाहिलं. ट्रायलचा तुकडा मी शेजाऱ्यांच्या कुत्र्याला दिला. तो दुपारपासून संध्याकाळपर्यंत चावत होता आणि शेवटी खड्डा करून त्यानं तो पुरून टाकला.

सणाच्या दिवशी सकाळी फ्लोरा ड्यूटीवर गेली आणि सूत्रं आईनं हातात घेतली. म्हणजे स्टूल घेऊन ती शेगडीकडे पाठ करून बसली आणि खिडकीकडे बघत हुकूम सोडू लागली.

"कांदा घातलास? रंग काय आलाय?"

"तपकिरी."

"इथे सगळंच तपकिरी असतं. गुलाबी झालाय की जळालाय ते सांग."

"मधलंच काहीतरी."

"मग तो तुकडा टाक आणि दोन्ही बाजूंनी परतून घे. आलं-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर वाटलीस? मुठीनं घाल. चमच्यानं नाही, मुठीनं! हिंगबिंग घालू नकोस, हात शिवशिवत असतील तुझे."

आमच्या धर्मात मांस आणि दूध एकत्र चालत नाही. एका पातेल्यात नाही, एका ताटात नाही, एका जेवणात नाही. पोलंडच्या ज्यूंनाही तोच नियम आणि कोर्ल्याच्या ज्यूंनाही तोच. फरक एवढाच, की आमच्या पूर्वजांच्या अंगणात नारळ होते. त्यामुळे आमच्या मटणाच्या रश्श्यात आणि त्यानंतरच्या हलव्यातसुद्धा गाई-म्हशीच्या दुधाचा थेंब नाही, सगळं नारळाचं. दुकानातून आईनं तीन नारळ आणायला लावले होते. मी दोन खवून पिळून दूध काढलं. बोटांची सालं निघाली. तिसऱ्याकडे हात नेला तर आई पाठमोरीच म्हणाली, "तो राहू दे." (बायकांना पाठीला डोळे असतात असं नाही, पण मुख्याध्यापिकांना असतात.)

"आता पातळ दूध घाल, झाकण ठेव, आच अगदी बारीक कर. आणि चार तास झाकण उघडायचं नाही."

"खाटीकही हेच म्हणाला होता."

"शहाणा दिसतोय."

चार तास मी त्या झाकणाकडे बघत बसलो. कोथिंबीर, आलं, नारळ असा तो वास हळूहळू घरभर पसरला आणि मला एकदम ठाण्याचं आमचं दोन खोल्यांचं घर आठवलं. सणाच्या आदल्या दुपारी बाबा पांढरा शर्ट इस्त्री करताहेत, जोशीकाकू आमच्या गच्चीत पापड वाळत घालताना ओरडून विचारताहेत, "फार छान वास सुटलाय हो! मटण ना?" आणि आई खिडकीतून, "तुमच्यासाठी हलवा पाठवते!" न्यू जर्सीत तो वास पहिल्यांदाच आला होता. माझे डोळे जरा भरून आले. मी कांद्यावर ढकललं, पण कांदा चार तासांपूर्वीच संपला होता.

झाकण उघडलं. चमचा टेकवला, आणि मांसाचे तंतू आपोआप सुटे झाले! मी आनंदानं ओरडलोच. आईनं न वळताच विचारलं, "झालं? आता जाड दूध घाल. पाहुणे आहेत, हात आखडू नकोस." मी मुळीच आखडला नाही. सगळं ओतलं. रस्सा दुधासारखा पांढरट झाला, वर कोथिंबिरीची जरा हिरवी झाक.

मग मी जेवणाच्या खोलीत डोकावलो. आईनं टेबल मांडलं होतं. पांढरी चादर, दोन मेणबत्त्या, सफरचंदाच्या फोडी, मध. आणि मेणबत्त्यांच्या मधोमध, स्टीलच्या वाटीवर बसवलेला तो तिसरा नारळ!

"आई, हा इथे कशाला?"

"रश्श्यात नारळाचं दूध असलं की टेबलावर नारळ ठेवायचा."

"का?"

"का म्हणजे? ठेवायचा असतो. माझ्या सासूबाई ठेवायच्या."

"पण घरी कधी मी…"

"घरी कायम असायचा. तुझं लक्ष ताटात असायचं."

असं म्हणून ती साडी बदलायला गेली आणि मी त्या नारळासमोर उभा राहिलो. दोन दिवे, मध्ये वाटीवर नारळ. कुठल्याही क्षणी कुणी येऊन हळदकुंकू वाहील असा थाट! आता गोल्डफार्बकाका आत येणार, हे बघणार, आणि माझे दोन हजार वर्षांचे पूर्वज, जहाज, तेलाचे घाणे सगळं त्या वाटीत बुडणार. दारावरची बेल वाजली. मी नारळ उचलला. कपाटं भरलेली, फ्रिज भरलेला, खिडकीबाहेर टाकावा तर बाहेर कुत्रा. शेवटी नेहमीच्या जागी ठेवला. ओव्हनमध्ये.

आता, अमेरिकेतल्या त्या काळच्या मराठी घरांत ओव्हन म्हणजे काय हे सांगायला हवं. ओव्हन म्हणजे कढया, तवे आणि चकलीचा सोऱ्या ठेवायचं कपाट. आमचा ओव्हन चार वर्षांत एकदाही पेटला नव्हता. त्या दिवशी उघडला तर आत एकही कढई नाही, चकचकीत रिकामा. मी म्हटलं, वा, नशीबच! दार लावलं आणि पाहुण्यांच्या स्वागताला धावलो.

नशीब नव्हतं. फ्लोरानं पहाटे ड्यूटीवर जाण्याआधी तो मुद्दाम रिकामा केला होता, कारण पाहुणे काहीतरी गरम करायचं घेऊन येतील हे ती जाणून होती.

आणि तसंच झालं. गोल्डफार्बकाकूंनी नूडल्सचा गोड कुगेल (शेवयांच्या वडीसारखा, बिनदुधाचा) आणला होता. तेवढ्यात फ्लोरा हॉस्पिटलातून धापा टाकत आली, "आय विल वॉर्म इट अप!" म्हणाली, मेणबत्त्या लावायच्या आधी, दार न उघडताच ओव्हनचं बटण फिरवलं, कुगेल ओट्यावर ठेवला आणि युनिफॉर्म बदलायला पळाली. मी त्या वेळी बाहेरच्या खोलीत काका-काकूंचे कोट टांगत होतो.

आईनं मेणबत्त्या लावल्या, हातांनी डोळे झाकले आणि प्रार्थना म्हटली. हिब्रू शब्द, चाल मात्र अस्सल ठाण्याची. मग तिचं लक्ष टेबलाकडे गेलं. वाटी होती, नारळ नव्हता. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. काकांनी वाइनची प्रार्थना सुरू केली. त्यांची चाल लांबलचक, पोलंडहून पायी निघाल्यासारखी. मग सफरचंद, मध, शुभेच्छा. सगळं मिळून अर्धा तास गेला.

"खोबरं कोण भाजतंय?" आईनं हळूच विचारलं.

"शेजारी असतील," मी म्हणालो. पिस्कॅटवेला आमचे एका बाजूचे शेजारी इटालियन आणि दुसऱ्या बाजूचे आयरिश.

मी मोठ्या थाटात ब्रिस्केटचं पातेलं आणलं आणि काकांच्या ताटात वाढलं. काकांनी सुरी उचलली, पण सुरी लागलीच नाही. काटा टेकताच तुकडा सुटला. त्यांच्या भुवया वर गेल्या. घास तोंडाजवळ नेला. आणि थांबला.

"सॅम," ते म्हणाले. त्यांचं लक्ष ताटात पसरलेल्या पांढरट रश्श्यावर होतं. "हे पांढरं काय आहे?"

काकूंनीही आपला काटा खाली ठेवला. अगदी आवाज न करता.

"सॅम, हे क्रीम आहे? मांसावर क्रीम?"

रूथ माझ्याकडे बघत होती. तिला सगळं कळत होतं. उद्या सकाळी सिनगॉगमध्ये, रविवारी हिब्रूच्या वर्गात, आमच्या घरी मांसात दूध घालतात हे सगळ्यांना कळणार होतं. मग जहाज कसलं आणि घाणा कसला!

"नाही नाही! नारळ आहे तो! नारळाचा रस!"

"नारळ?" काकांना नारळ म्हणजे केकवर भुरभुरवायचा गोड चुरा एवढंच माहीत. "नारळ असा नसतो. कुठे आहे नारळ?"

'कुठे आहे' हे मला त्याच क्षणी आठवलं. भाजक्या खोबऱ्याचा वासही त्याच क्षणी ओळखला. मी उठायला खुर्ची मागे सारली.

आणि स्वयंपाकघरातून नारळानंच उत्तर दिलं.

धडाम्!

ओव्हनचं दार उघडून आपटलं, ओट्यावरची भांडी खाली आली, छताचा अलार्म किंचाळू लागला. काका पंच्याहत्तरी विसरून टेबलाखाली! काकू "मॉरिस! मॉरिस!" करत त्यांच्या कॉलरला धरून त्यांना वर ओढताहेत, फ्लोरा आतल्या खोलीतून एका पायात चप्पल घालून धावतेय, आणि मी मेणबत्तीच्या स्टँडला मिठी मारून उभा! का, ते मला आजही सांगता येणार नाही.

सगळ्यांत आधी आई हलली. ती शांतपणे स्वयंपाकघरात गेली, टॉवेल फडकावून अलार्म गप्प केला आणि फडक्यात काहीतरी धरून बाहेर आली. अर्धी करवंटी. आतलं खोबरं खरपूस भाजलेलं, कडेनं वाफ निघतेय. टेबलाशी येऊन तिनं ती रिकाम्या वाटीवर ठेवली, मेणबत्त्यांच्या मधोमध, आणि माझ्याकडे वळली.

"मी हा इथे ठेवला होता. तू भट्टीत घातलास?"

"आई, पाहुण्यांसमोर…"

"पाहुण्यांनाच सांग. मी काय बोलले ते जसंच्या तसं सांग."

टेबलाखालून बाहेर आलेले काका टोपी सारखी करत विचारत होते, "काय म्हणतेय ती?" खोटं बोलायला मला काही सुचलं नाही. मी जसंच्या तसं सांगितलं. की आईनं टेबलावर नारळ ठेवला होता, तुम्ही काय म्हणाल म्हणून मला लाज वाटली, म्हणून मी तो लपवला.

"पण तिनं टेबलावर कशासाठी ठेवला?"

मी आईला विचारलं. ती म्हणाली, "कितीदा सांगू? रश्श्यात नारळाचं दूध असलं की शेजारी नारळ ठेवायचा. कारण मला नाही ठाऊक. माझ्या सासूबाई ठेवायच्या, त्यांच्या सासूबाई ठेवायच्या."

मी तेही सांगितलं. गोल्डफार्बकाकांनी त्या करवंटीकडे पाहिलं, ताटातल्या रश्श्याकडे पाहिलं, पुन्हा करवंटीकडे. मग चष्मा काढला.

"माझी आई," ते चष्मा पुसत म्हणाले. "माझी आई वर्षातून एकदा बदामाच्या दुधात कोंबडी करायची. ती पांढरी दिसायची, अशीच. तेव्हा ताटाशेजारी ती मूठभर बदाम ठेवायची. का, तर बघणाऱ्याला वाटू नये, की हिनं मांसात दूध घातलं. जुन्या ग्रंथांतसुद्धा लिहिलंय हे. गाव सोडल्यापासून मी हे कुणाच्याही टेबलावर पाहिलं नाही. या अमेरिकेत एकाही नाही." त्यांनी आईकडे पाहिलं. "हे तिच्या सासूच्या सासूला कुणी सांगितलं?"

पोलंडहून कोर्ल्याला कुणी गेलं नव्हतं आणि कोर्ल्याहून पोलंडला कुणी गेलं नव्हतं. आईला मी सगळं मराठीत सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे यांची आईही शहाणी होती. निवतंय, जेवायला सांग त्यांना."

काका जेवले. तीनदा घेऊन जेवले. ब्रिस्केट इतकं मऊ होतं, की तिसऱ्या वेळी त्यांनी कवळी खिशात ठेवली. मिरची त्यांना चांगलीच झोंबली, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण ते सगळंच पाणी मिरचीचं नव्हतं असं मला वाटतं. कुगेल संपला, चिकाचा हलवा संपला (तोही पांढरा, पण आता कुणी विचारलं नाही, करवंटी समोर होती). आणि जाताना त्यांनी रूथच्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, "बेकी काय म्हणाली होती तुला?" रूथनं सांगितलं. "रविवारी तिला सांग, आजोबांनी सांगितलंय, टेबलावरचा नारळ बघायला कोर्लेकरांकडे जा."

बेकी आली. नंतर दर रविवारीच यायला लागली. बर्गर सोडून आमच्याकडे मटण-भात खायला लागली आणि आईला 'आजी' म्हणायला लागली. ठाण्याला परत गेल्यावर आईनं जोशीकाकूंना खरोखर सगळं सांगितलं. जोशीकाकूंनी म्हणे शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण सॅम्सननं नारळ ओव्हनमध्ये का ठेवला हो?"

आता आई नाही, काका-काकू नाहीत. पिस्कॅटवेचं ते घरही विकलं. रूथच्या घरी नव्याच्या सणाला ब्रिस्केट असतंच. आजीच्या हिरव्या मसाल्यात, चार तास, झाकण न उघडता. टेबलाच्या मधोमध वाटीवर नारळ असतो. तो ठेवला की मी गुपचूप एकदा आईसारखा त्याच्याकडे बघून घेतो. रूथ मात्र मला त्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाही.

पण मला सगळ्यांत जास्त आठवतो तो त्या सणानंतरचा शनिवार. मी सिनगॉगमध्ये शिरलो. छाती दोन इंच पुढे. आजपासून तो प्रश्न संपला! गोल्डफार्बकाका समोरून आले, नेहमीसारखा माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सॅम, तुझी आई अस्सल ज्यू आहे. तिच्या सासूची सासूसुद्धा अस्सल. त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही."

मी कृतज्ञतेनं मान लववली. काका जरा जवळ सरकले आणि अगदी प्रेमानं त्यांनी विचारलं,

"पण सॅम, तू कधी झालास?"